तीनदा पाहिलेला पाय

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आलो, हे आधीच सांगून टाकतो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, कोणाची गाडी जंगलात बंद पडली, की खाली "बॅटरी चेक करा" अशी खवचट कमेंट टाकणारा जो कोणी असतो ना... तो मीच. भूतखेत, करणी, बाहेरची हवा, यातलं काहीही मी मानत नव्हतो. खरं सांगायचं तर अजूनही मानत नाही. तरी लिहायला बसलो, कारण हे घरात कोणाला सांगायची सोय मी स्वतःच्या हातानं घालवली आहे.

राहणार नागपूर. पाचपावलीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आम्ही कोष्टी. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभं आयुष्य हातमागावर लुगडी आणि चादरी विणल्या. मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स पाहतो. माग विकून पुष्कळ वर्षं झाली. ज्या खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसायचे तो बुजवला आणि तिथंच आता त्यांची खाट आहे.

आता माझा शौक. मला जपानी बॉडी हॉररचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — यात भूत नसतं. माणसाचं स्वतःचं शरीरच भूत होतं. एखाद्या गरीब कारकुनाच्या मानेतून लोखंड उगवायला लागतं, कोणाची कातडी सालीसारखी निघते आणि आतून भलतंच काही बाहेर येतं. आपल्याकडचे हॉरर पिक्चर म्हणजे दारं आपटतात, बाया किंचाळतात, संगीत बोंबलतं. तिथं तसं नाही. ट्यूबलाइटची खोली, एक माणूस मुकाट भात खातोय आणि कॅमेरा त्याच्या हातावरून हलत नाही. हलतच नाही! आपण मनात म्हणतो, बस कर बाप्पा, आणि तरी नजर काढवत नाही. किळस आणि मजा एकाच घासात. वर पुन्हा त्या लोकांची कारागिरी... रबर, सिलिकॉन, साखरेचा पाक, रंग, आणि जोड कुठं आहे ते दिसेल तर शपथ. पिक्चर संपला की मी माझी बोटं एकेक दाबून पाहायचो. सगळी जागेवर. फार बरं वाटायचं.

माझी बायको सुनीता म्हणायची की पिक्चरमध्ये आतडी पाहतात आणि रक्त तपासायला गेले की यांना चक्कर येते. खोटं नव्हतं. खऱ्या शरीराचं मला होत नाही. पोराचा गुडघा फुटला तर मी आतल्या खोलीत निघून जातो. पडद्याला वास नसतो, माझी सगळी बहादुरी तेवढ्यावर.

बाबांना जुनी शुगर. पायातली जाणीव पार गेलेली, टाचणी टोचली तरी कळत नाही. गुडघे वाकत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणजे स्वतःचे तळवे त्यांना स्वतःला पाहता येत नाहीत. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की रोज कोणीतरी त्यांचे तळपाय पाहायचेच, बोटांच्या बेचक्यासुद्धा. हे सुनीता करायची. मे महिन्यात ती पोरांना घेऊन माहेरी मौद्याला गेली. जाताना माझ्या हातात टॉर्च देऊन गेली.

टॉर्च मी टीव्हीच्या बाजूला ठेवला. रोज फोनवर ती विचारायची, पाहिले का पाय? मी म्हणायचो, पाहिले, ठीक आहेत. एकदाही पाहिले नव्हते. आळस नव्हता तो. किळस होती. बापाच्या पायाची किळस... लिहून टाकलं एकदाचं.

ती गेल्यावर पहिल्याच रविवारी बाबांनी रामटेकला जायचं काढलं. पंकजची कार मागून घेतली. पंकज म्हणजे माझा ऑफिसातला मित्र, याच पिक्चरच्या रोगाचा. निघायला उशीर झाला, गडावर पोहोचेस्तोवर ऊन डोक्यावर. चपला काढल्या आणि दगड असा तापलेला की मी आय आय करत, उड्या मारत सावली गाठली. बाबा मात्र हात जोडून सावकाश चालत आले, घरच्या अंगणात चालल्यासारखे. मला हसू आलं.

"बाबा, लोखंडाचे पाय आहेत जी तुमचे," मी म्हणालो.

ते खूश झाले. मागावर घडलेले पाय आहेत म्हणाले, आणि त्याच दगडांवरून अजून एक फेरी मारून आले. मी सावलीत बसून फोटो काढला. त्यांना चटका कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. सावलीत बसलेले बाकीचे लोकही कौतुक करत होते.

त्या आठवड्यात घरात वास यायला लागला. मी कूलरचं पाणी बदललं, त्याच्या वाळ्याच्या ताट्या उन्हात टाकल्या. उंदीर मेला असेल म्हणून कपाट सरकवलं, फ्रिजमागे झाडलं. बाबांना विचारलं, तर त्यांना काहीच वास येत नव्हता. मग मी दुकानातून उदबत्तीचा मोठा पुडा आणला. हसू नका, खरंच आणला.

पुढचा रविवार. नागपुरातली मे महिन्यातली दुपार म्हणजे कर्फ्यूच. बाबांना वरणभात वाढला, ते जेवून त्यांच्या खोलीत जाऊन पडले. मी हॉलमध्ये पडदे ओढले, कूलर लावला आणि पंकजनं दिलेला पिक्चर लॅपटॉपवर सुरू केला. एका माणसाचा हात हळूहळू दुसरंच काही होत जातो, अशी गोष्ट. मस्त रंगला होता.

अर्ध्यावर अचानक एक शॉट आला. नुसता तळपाय. म्हाताऱ्या माणसाचा, कॅमेऱ्याकडे वळलेला. चवड्याखालची कातडी फुगून पांढरी पडलेली, एका बाजूनं सुटलेली, आणि खाली काळं-जांभळं, ओलं. अंगठ्याचं वर डोकावणारं वाढलेलं नख मधोमध चिरलेलं. आवाज नाही, संगीत नाही. मी एकटाच असून मोठ्यानं बोललो, "वा! काय काम केलं बे!" आणि मागे घेऊन पुन्हा पाहिला. दुसऱ्या वेळी मेकअपचा जोड शोधत होतो. सापडला नाही. तिसऱ्या वेळी थांबवला. चवड्याच्या कडेला एक गोल, कडक घट्टा दिसत होता, तो रबराचा असेल की खऱ्या नटाचा, म्हणून मी स्क्रीनवर त्या घट्ट्यावर बोट टेकवलं. आणि बोटाच्या बाजूला मला चादर दिसली.

पांढरी जाडी चादर, निळी किनार, किनारीत दोन लाल धागे. बाबांनी माग विकायच्या आधी शेवटची विणलेली. ते तिच्यावरच झोपतात.

इथं नीट ऐका. मी पाय ओळखला नाही. चादर ओळखली. सख्ख्या बापाचा पाय तीनदा डोळे फाडून पाहिला आणि ओळखला नाही, कारण तो पाय मी कधी पाहिलाच नव्हता.

उठून खोलीत गेलो. बाबा डोळे मिटून पडलेले, उजवा पाय दाराकडे. त्या वासाचं घर तेच होतं. मी वाकून पाहिलं. जसंच्या तसं... सुटलेली कातडी, काळं-जांभळं, चिरलेलं नख, आणि मागाची पायाखालची पावडी दाबून दाबून पडलेला तो घट्टा. चादरीची घडीसुद्धा स्क्रीनवर होती तशीच. मी खाली फरशीवर बसलो. मग पंकजला फोन केला, तो कार घेऊन आला आणि आम्ही बाबांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, अनवाणी कुठं चालले होते? मी सांगितलं. मग विचारलं, तुम्ही रोज पाहत होते ना त्यांचे पाय? मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांनी विचारलं नाही. अंगठा, दोन बोटं आणि चवड्याचा तुकडा काढावा लागला. अजून थोडा उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं म्हणाले. कदाचित माणूसही.

सुनीता मौद्याहून धावत आली. ऑपरेशन झालेलं होतं, बाबा शुद्धीवर होते. बँडेज पाहिलं आणि ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पाहून मी तयारच होतो, आता हिनं चारचौघांत माझे वाभाडे काढावेत. खरं तर मला तेच हवं होतं. पण बाबांनी तिला हातानं थांबवलं.

"त्याले बोलू नको वं सूनबाई. त्यानंच तं वाचवलं. मले त्या पायात काही समजते का? पण त्या दिवशी दुपारी समजलं. तीन वेळा आला हा, तीन वेळा पाहून गेला. आखरीले तं बोट ठेवलं, घट्ट्यावर, असं दाबून. मी डोळे मिटून होतो, म्हटलं पाहू दे. किती वर्षांनी पायाले कोणाचा हात समजला."

मग माझ्याकडे पाहून विचारलं, "नाही का गा?"

मी म्हणालो, "हाव जी."

एवढंच बोललो. सुनीतानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हापासून बाबा येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगतात, माझा पोरगा तीनदा आला म्हणून. मी पाहुण्यांसाठी चहा ठेवायला उठतो.

बाबा घरी आल्यावर मी तो पिक्चर पुन्हा लावला. तीच फाइल, तोच लॅपटॉप. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. पाय नाही. त्या जागी तो माणूस नळाखाली तांदूळ धुतो, बस. पंकजला विचारलं. तो म्हणाला, "अबे, पाय कुठून आणला? पूर्ण पिक्चर हाताचा आहे."

आता तुम्ही खाली लिहाल की ऊन लागलं असेल. वास नाकात बसला होता, मेंदूनं बाकीचं जोडलं. मीही हेच लिहिलं असतं. पण जो तळवा मी पाहिलाच नव्हता, त्याची कातडी कोणत्या बाजूनं सुटली ते मेंदूला कसं ठाऊक? बरं, तेही योगायोग म्हणून सोडून देतो. बाबांना बोट कोणाचं लागलं? मी हॉलमध्ये होतो, मध्ये भिंत होती. आणि आता पडताळून पाहायला तो अंगठा नाही, तो घट्टाही नाही.

त्या पिक्चरांना मी दोष देत नाही. ती माणसं सडणाऱ्या शरीरासमोर कॅमेरा लावून बसतात, तोंड फिरवत नाहीत. तोंड मी फिरवलं होतं. पंकज नवीन पिक्चर आणतो, मी नको म्हणतो, आणि पाहायची इच्छा होते हेही खरं आहे.

पट्टी आता मीच बदलतो. सुनीतानं करते म्हटलं, पण मी देत नाही. टॉर्च लावतो, तळवा धुतो, बेचक्या पुसतो, उरलेल्या चवड्यावर हळूच बोट दाबून पाहतो. वास येतो, येऊ देतो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. कालही अर्धी पट्टी झाल्यावर त्यांनी विचारलं, "आला का गा?"

"आलो ना जी. हात लावून राहिलो."



"नाही समजून राहिलं," म्हणाले. "त्या दिवशी कसा समजला होता तुझा हात."