तिथून हॉस्पिटल किती लांब?

नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसवून दीड वर्ष झालं आणि एका रविवारी पोहे खाता खाता त्याने जाहीर केलं, "आता आफ्रिका." मोकळ्या गवतात चालणारा हत्तींचा कळप एकदा तरी बघायचा, हे तो लग्नाआधीपासून म्हणत आलाय. आम्ही कॉलेजपासूनचे; अहो-जाहो कधी जमलंच नाही. मी म्हटलं, "जाऊ की रे." म्हटलं खरं, आणि उठून त्याच्या गोळ्यांचा डबा तपासला.

दुसऱ्याच दिवशी त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार जागांवर लाल पेनाने गोल केले होते. केनियातलं मसाई मारा, टांझानियातलं गोरोंगोरो, बोत्स्वानातला ओकावांगोचा पाणथळ प्रदेश आणि दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर. तो सिंह, पाणघोडे, गेंडे असं काय काय सांगत होता. मी मान डोलवत होते आणि त्या गोलांच्या आसपास एखादं मोठं शहर आहे का ते शोधत होते.

जनावरांची भीती मला नाही. आम्ही बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कला लागून राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बिबट्या दोनदा कॅमेऱ्यात दिसलाय आणि तिसऱ्या दिवशी बायका पुन्हा तिथेच गप्पा मारत उभ्या. माझी भीती वेगळी होती. त्याला त्रास झाला तेव्हा घरापासून हॉस्पिटलपर्यंत रिक्षाने अकरा मिनिटं लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलंत. तेव्हापासून मी प्रत्येक जागा अकरा मिनिटांनी मोजते. बहिणीचं नाहूरचं घर, लग्नाचे हॉल, नाट्यगृह, सगळं.

मनातून मला वाटत होतं, डॉक्टरच नाही म्हणतील. कांदिवलीला तपासणीला गेलो तेव्हा मीच विषय काढला. केनिया, टांझानियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, आणि हा बासष्टचा. डॉक्टर म्हणाले, "साठीनंतर ही लस जरा विचार करून देतो आम्ही. दक्षिणेकडचे देश निवडा ना, तिथे तिची भानगड नाही." मग त्याच्याकडे वळून, "दोन जिने न थांबता चढता ना? मग जा बिनधास्त!" नवरा लहान मुलासारखा हसला. घरी येऊन त्याने दोन गोलांवर फुल्या मारल्या. उरले ओकावांगो आणि क्रूगर.

मालाडच्या टूर ऑफिसात गेलो. समोर आमच्या मुलीच्या वयाची, हुशार मुलगी. तिने ओकावांगोचे फोटो दाखवले. रस्ता नाही, छोट्या विमानाने जायचं, गवतातच धावपट्टी. तंबूंना कुंपण नाही, हत्ती दारापर्यंत येतात. "बस, हेच!" नवरा म्हणाला. 

मी विचारलं, "तिथून हॉस्पिटल किती लांब?"

तो माझ्याकडे न बघता समोरच्या फोटोकडे बघत राहिला. ती म्हणाली, "काही झालं तर विमान मागवतात, काकू."

"आणि रात्री झालं तर?"

तिने पेन खाली ठेवलं. "रात्री नाही उतरत विमान. उजाडेपर्यंत थांबावं लागतं."

त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. ती बोलत होती, तो प्रश्न विचारत होता, आणि मी फक्त ते उजाडेपर्यंतचे तास मोजत होते.

घरी आल्यावर तो चिडला. "मला पेशंट म्हणून नेणार असशील तर राहू दे. मी एकटा जाईन." 

"एकटा जाऊन दाखव," मी म्हटलं. दोन दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चल, कान्हेरी चढून दाखवतो तुला." सकाळी पार्कच्या बसने वर गेलो. आठवड्यातला मधला वार, गर्दी नव्हती. दगडात कोरलेल्या पायऱ्या तो मुद्दाम भरभर चढत होता. मी मागून त्याच्या खांद्यांची हालचाल बघत होते. "हळू रे," म्हटलं की आणखी जोरात. वरच्या गुंफांकडे वळलो आणि तो एकदम थांबला. वाकला. तोंड वेडंवाकडं झालं आणि तो पायरीवर बसला, जवळजवळ पडलाच.

मी पर्स उघडली. जिभेखाली ठेवायची गोळी कुठल्या कप्प्यात आहे हे मला झोपेतही सांगता येतं, पण तेव्हा हात कुठलाच कप्पा ओळखेना. फोन काढला, नेटवर्क नव्हतं. आजूबाजूला फक्त माकडं. मी ओरडले, "कुणी आहे का?" माझाच आवाज गुंफेतून परत आला. खालून काकड्या विकणारी एक बाई टोपली कमरेवर धरून धावत वर आली.

"छातीत दुखतंय का? हात दुखतोय? बोल ना रे!" मी त्याचा शर्ट ओढत होते.

"अगं, पोटरी," तो दात आवळून म्हणाला. "पोटरीत गोळा आलाय."

त्या बाईने टोपली खाली ठेवली, त्याचा पाय मांडीवर घेतला, पंजा वर दाबून धरला आणि म्हणाली, "ताई, तुमी बसा आधी. तुमीच पडाल." मी बसले. रडायला लागले ते थांबेचना. तिने आम्हाला मीठ लावून काकडी दिली. नवरा काकडी हातात धरून माझ्याकडे बघत होता. खाली येताना तो एकेक पायरी सावकाश उतरला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मालाडला गेलो. मी ठरवलं होतं, आता तोंड उघडायचं नाही, तो म्हणेल तिथे जायचं. त्या मुलीने ओकावांगोच्या तारखा काढल्या. नवरा चष्मा पुसत म्हणाला, "ते क्रूगरचं सांगा. रस्त्याने जाता येतं ना तिथे?"

"हो काका. डांबरी रस्ते आहेत."

"आणि तिथून हॉस्पिटल किती लांब?"

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. या माणसाने ऑपरेशनच्या टेबलावर झोपायच्या आधीसुद्धा विनोद केला होता. तो कशाला घाबरत नाही, या एका गोष्टीवर मी दीड वर्ष उभी होते. 

क्रूगरचं बुकिंग झालं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "माझ्यासाठी केलंस ना?"

"थोडं तुझ्यासाठी." रिक्षाला हात करून तो परत माझ्याकडे वळला. "बाथरूमला कडी लावत नाही मी, माहितीये तुला? हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून. नुसतं लोटून घेतो. आत काही झालं तर दार फोडायला लागू नये."

मला माहीत नव्हतं. त्याच्या गोळ्या, त्याचं मीठ, त्याचे श्वास, सगळ्यावर माझं लक्ष, आणि हे मला दिसलं नव्हतं. "मग ते ओकावांगो कशाला धरून बसला होतास?"

"तू इतकी घाबरलेली," तो म्हणाला, "म्हटलं, दोघं घाबरलो तर कसं व्हायचं?"

रिक्षात मी बुकिंगचा कागद घडी करून पर्समध्ये, त्याच्या गोळीच्या कप्प्यात ठेवला. 

जायला अजून सहा आठवडे आहेत. दुर्बीण आलीय, मळकट रंगाचे शर्ट आलेत, बॅगांच्या वजनावरून रोज वाद होतो. काल तो आंघोळीला गेला तेव्हा मी आमटीखालचा गॅस बंद केला आणि पाण्याचा आवाज थांबेपर्यंत बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले.