डोंगराची साक्ष

महाडच्या कोर्टात वकिली करण्यात माझी उभी हयात गेली. त्यामुळे एका यहुदी मित्राने त्यांच्या जुन्या संदेष्ट्यांचा ग्रंथ मराठीत वाचायला दिला, तेव्हा पहिल्याच बैठकीत माझं डोकं फिरलं. देव आपल्याच लोकांवर खटला भरतो, साक्षीला डोंगर बोलावतो आणि निकालही स्वतःच देतो! "अरे, हा काय न्याय झाला?" मी मित्राला विचारलं. "पुढे वाच," तो म्हणाला.

असाच एक निकाल तेव्हा पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीत लागला होता. पावसात दरड आली आणि शेताकडे गेलेली माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी तीत गाडली गेली. गावकीने देवीला कौल लावला. शिमग्याला पालखी दादाच्या दारात आली तेव्हा घर बंद होतं, म्हणे त्याचा हा कोप. पोरीची बारावीची परीक्षा, म्हणून तेव्हा सगळे माझ्याकडे महाडला होते. हा गुन्हा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दादाने निकाल मान्य केला आणि जेवण सोडलं. नुसत्या चहावर राहायचा. असंच चाललं तर तोही हातचा जाणार, हे दिसत होतं.

ग्रंथात पुढे वाचलं तर भलतंच निघालं. देवाचा निकाल लोकांना सांगणारा तो संदेष्टा, शहर पडून जळाल्यावर 'सांगितलं होतं ना' म्हणत नाही. लोकांबरोबर त्याच राखेत बसून रडतो, वर देवालाच जाब विचारतो. काही ठिकाणी तर रडतोय कोण, तो की देव, तेच कळेना.

रविवारी वाडीत गेलो. दादा पडवीत बसून खचलेल्या डोंगराकडे बघत होता. पक्षकाराला समजवावं तसं मी सगळं सांगितलं. कोपबिप काही नसतो, मातीत पाणी मुरलं आणि डोंगर सुटला. देव असलाच तर तोही रडत असेल.

"झाला तुझा युक्तिवाद?" दादा म्हणाला. "माझ्याकडनं देवीचा मान चुकला म्हणून ती गेली, आसं धरलं तर तिच्या जान्याला कायतरी कारन हाय रे. तू तेवढंबी काढून घेतोस. मंग मी काय धरून जगू?"

मी त्याच्या शेजारी बसलो आणि एकदम हुंदकाच फुटला.  दादा आत वळून वहिनीला म्हणाला, "भाकरी टाक गो, ह्यो उपाशी आलाय."

वहिनीने ताट आणलं. मी हात लावला नाही. तेव्हा त्याने शिवी हासडली, भाकरी मोडली आणि पहिला घास स्वतः घेतला.