बुटांखाली लिंबं

हेब्बाळच्या तलावामागच्या गल्लीत बातमी फिरली की संयोगिताकाकी पेलिकन पक्ष्याच्या मागे पळता पळता तलावात पडली आणि तिच्या पायाचे दोन तुकडे झाले. इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेस्तोवर त्या पक्ष्यानं तिला चोचीतच धरली होती. दूधवाला तर थेट पक्ष्याचा वकील होऊन दारात उभा राहिला. "अक्का, तुम्ही त्याच्या अंगावर गेलात. त्यानं काय करायचं सांगा?"

खरी हकीकत इतकी रंगतदार नव्हती. काकी पडलीच नव्हती. आषाढातल्या एका सकाळी, सरळसपाट रस्त्यावर, कुणाचा धक्का नाही की कसला खड्डा नाही, अशी पळत असताना तिच्या डाव्या नडगीत कळ आली. तिनं नेहमीप्रमाणे तिकडे दुर्लक्ष केलं. कळेनंही नेहमीप्रमाणे मनावर घेतलं. फोटो काढला तेव्हा हाडाला केसाएवढी चीर निघाली. पेलिकन त्या वेळी तलावाच्या पलीकडच्या काठाला होता आणि त्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

मारतहळ्ळीहून आठवड्यातून एकदा हेब्बाळला येणारी फिजिओ रंजिता पुण्याची. तिचं बोलणं असं: "हे बघा काकू, बेसिकली तुमचं हाड आहे ना, ते चिडलंय. त्याला थोडी स्पेस द्या. दसऱ्यापर्यंत रनिंग टोटल बंद. आणि दुखायचं थांबलं म्हणून लगेच पळायचं नाही हं! पेन गेलं म्हणजे बोन जुळलं, असं नसतं ना! आत्ता घाई केलीत तर पुढे पळणं कायमचंच विसरा."

"मग घरी बसू?" काकीनं विचारलं.

"अजिबात नाही! घरी बसलात तर मी चिडेन. मातीवर चाला, सायकल चालवा, बाहेर पडा. फक्त दोन्ही पाय एका वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत."

हे शेवटचं वाक्य ऐकून काकीचा जीव भांड्यात पडला. तिला चिरेची फारशी भीती नव्हती. भीती होती तासाची.

त्याचं असं आहे. काकीचं घर जुन्या मराठ्यांचं. शहाजीराजांच्या वेळी आम्ही इथं आलो, हे सासूबाई कृष्णाबाई असं सांगतात की वाटावं, सामान कालच उतरवून घेतलंय. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचा पाहुणा अर्धं वाक्य समजून घेतो आणि उरलेल्या अर्ध्याला मान डोलावतो. अशा घरात सकाळ उजाडली की पहिली हाक काकीला. कृष्णाबाईंना गरम पाणी. बस डेपोत मेकॅनिक असलेल्या नागनाथकाकांना कॉफी, डबा आणि त्यांच्याच खिशात असलेला चष्मा. मग काकीची स्वतःची नोकरी, शाळेच्या ऑफिसात.

काही वर्षांपूर्वी त्या शाळेच्या स्पोर्ट्स डेला शिक्षक-कर्मचाऱ्यांची शर्यत होती. काकी हसण्यावारी नेत उभी राहिली, साडीचा काचा मारला, चपला हातात घेतल्या आणि दुसरी आली. पहिला आला तो पीटीचा सर होता, म्हणजे तो धरायचाच नाही. त्या दिवशी तिला समजलं की पळताना कुणी हाक मारत नाही. मारली तरी ऐकू येत नाही. तेव्हापासून पहाटेचा एक तास तिचा झाला. तो मिळवायला तिला घरात जितकं बोलावं लागलं, तितकं ती एरवी वर्षभरातही बोलत नाही.

आणि आता पळणं बंद झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "संयोगिता, आता पळायचं नाहीच आहे की. मत्ते सकाळी स्वल्प लवकर डबा झाला तर मला गर्दीच्या आधी स्कूटर काढता येते बघ."

कृष्णाबाईंनी जपमाळ न थांबवता जोड दिली. "माझं पाणीपण लवकर होईल की."

काकीला दिसलं, तास चालला. घरानं एकदा गिळला की तो परत निघणार नव्हता, हाड जुळलं तरी.

"डबा आहे त्याच वेळी होईल," ती म्हणाली. "मी बाहेर जाणार. पळायला नाही, तरी जाणार."

"मग जाऊन करणार काय?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी अंधार पुरता सरायच्या आत काकी तलावावर हजर. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "एन् अक्का, इवत्तु ओडल्वा?" म्हणजे आज पळायचं नाही का. काकी म्हणाली, "इल्ला अण्णा, आता नुसतं चालणं." त्यानं इतका मोठा सुस्कारा टाकला की वाटावं, त्याचीच नडगी मोडली.

पळताना काकीनं तलाव कधी पाहिलाच नव्हता. पाणी म्हणजे डाव्या हाताला असणारं काहीतरी चकचकीत, एवढीच ओळख. आता ती मातीच्या वाटेनं चालू लागली तर वाटेत माणसं निघाली. जलपर्णी ओढून काढणारी एक मंडळी होती. पहिल्या दिवशी काकी बघत उभी राहिली, दुसऱ्या दिवशी तिनं दोरीला हात लावला, आणि तिसऱ्या दिवसापासून "अक्का आल्याशिवाय ओढायचं नाही" असा तिथला नियमच झाला. कधी शेजारच्या सौम्याची सायकल घेऊन ती तलावाला वळसा घाली. कधी गवतावर अनवाणी चाले, पायाच्या बोटांनी गवत चिमटीत धरून बघे. कंटाळा आला की बाकाचा आधार घेऊन टाचा वर-खाली करी, आणि त्या बाकावर पेपर वाचणारे आजोबा पेपरसकट वर-खाली होत.

नडगी तापायची, मग निवायची. श्रावण सरला तशी तापायची थांबली. खरा घोळ तिथून सुरू झाला. दुखत होतं तोवर न पळणं सोपं होतं. आता पाय रोज विचारायला लागले.

त्याच सुमारास पैज लागली. प्रस्तुत लेखिका ही काकीच्या धाकट्या दिराची मुलगी, वरच्या मजल्यावर राहते आणि लोकांचे आवाज काढते, हे गल्लीला ठाऊक आहे. ती म्हणाली, "काकी, दसऱ्याच्या आत तू पळणार म्हणजे पळणार."

"नाही पळणार."

"लावतेस?"

"लावते," काकी म्हणाली. "मी पळाले तर तुझ्या कॉलेजात येऊन सगळ्यांसमोर पेलिकनचा आवाज काढीन. नाही पळाले तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माझा तास तू सांभाळायचा. पाणी, कॉफी, डबा, सगळं."

पेलिकनचा आवाज ऐकायचाच, या हट्टापायी प्रस्तुत लेखिका एका सकाळी उठली (हीच मोठी बातमी) आणि तलावावर बांबूच्या बेटाआड उभी राहिली. काकी मातीच्या वाटेनं येत होती. समोरून पळणाऱ्यांचा जथा गेला. त्यांचा कॅप्टन अभिजीत, महादेवपुऱ्यातल्या आयटी पार्कमधला, रोज सगळ्यांवर ओरडत पळतो. जथा वळणाआड गेला आणि बांबूंमधून अभिजीतचा हुबेहूब आवाज आला: "कमॉन, कमॉन! लास्ट हंड्रेड! अक्का, पुश, पुश!"

काकीची टाच उचलली गेली. अंग पुढे झुकलं. हात कोपरात वाकले. दुसरा पाय सुटणार, तेवढ्यात तिनं कुंपणाचा गज पकडला आणि उभी राहिली. श्वास असा चालला होता की आख्खा तलाव पळून आल्यासारखा.

"बाहेर ये," ती बांबूंना म्हणाली. "अभिजीत मला मॅम म्हणतो गं. आवाज जमला तुला, माणूस नाही जमला."

पण घरी येताना ती टाचांकडे बघत चालली. हसण्यासारखी गोष्ट होती आणि ती हसलीही, तरी टाच तिला न विचारता उठली होती. बांबूंआड कुणी नसताना उठली तर? दसऱ्याला अजून दहा दिवस होते. एक चुकीचं पाऊल पडलं की हाडही गेलं आणि त्याच्यामागून तासही.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. या घरची एक रीत आहे. घट बसला की पणजोबांची जुनी तलवार शेजारी पाटावर ठेवतात आणि ती दसऱ्यापर्यंत कुणी हलवायची नाही. काका त्यांचा पाना ठेवतात, वरच्या मजल्यावरची कात्री येते. जे बसलं ते बसलं. मागे एकदा काकांनी चुकून स्कूटरची किल्ली पाटावर ठेवली होती आणि नऊ दिवस बसनं गेले. किल्ली उचलायची टाप नव्हती.

काकी आत गेली आणि पळायचे बूट घेऊन आली. धुतलेले, नाड्या नीट बांधलेले.

"हे बसवायचेत."

कृष्णाबाईंची जपमाळ प्रथमच थांबली. "जोडे? घटाजवळ?"

"तलवारीनं पणजोबा लढले. मी यांनी पळते."

"अगं, रस्त्यावरची घाण तुडवलेले ते!"

"स्कूटरची चाकं काय गादीवरून जातात? आयुधपूजेला त्यांना हार घालता की."

काका मध्ये पडले. "अव्वा, बिडू, जाऊ दे. घटाजवळ नको, सरी. पोर्चमध्ये स्कूटरजवळ बसवूया. तीपण पूजाच."

कृष्णाबाईंनी जपमाळ पुन्हा फिरवायला घेतली. मग म्हणाल्या, "एकदा बसले की हलायचे नाहीत. कळलं?"

"त्यासाठीच बसवते आहे," काकी म्हणाली.

बूट पाटावर बसले, हळदकुंकू लागलं. नऊ दिवस काकी चपला घालून तलावावर गेली. चपलांत चालता येतं, दोरी ओढता येते, सायकल मारता येते. पळायला गेलं की चपला आपणच आधी पळतात. पैज मोडायचा आता एकच रस्ता उरला होता, आणि तो पूजेत होता. गल्लीनं लगेच नवी बातमी काढली, की संयोगिताअक्कानं जोड्यांना मंतरून ठेवलंय. दूधवाला पोर्चच्या बाजूनं यायचाच बंद झाला.

नवमीला स्कूटरला झेंडूचा हार पडला. दसऱ्याच्या पहाटे, नजर लागू नये म्हणून, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. काकी बूट उचलायला वाकली तर कृष्णाबाई आतून आणखी दोन लिंबं घेऊन आल्या, खाली बसल्या आणि स्वतः दोन्ही बुटांपुढे ठेवली.

"मोठं डावीकडे," त्या म्हणाल्या. "दुखरा तोच ना?"

काकांनी स्कूटर पुढे घेतली, चाकाखालचं लिंबू फुटलं. काकीनं बूट चढवले, आधी उजवं लिंबू दाबलं, मग अगदी सावकाश डावं. पोर्चभर वास पसरला. रंजितानं सांगितलं होतं, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, हिरो बनू नका. काकी फाटकाबाहेर गेली, गल्लीच्या टोकापर्यंत चालली, आणि तिथं दोन्ही पाय एका वेळी जमिनीवरून सुटले.

हे प्रस्तुत लेखिकेनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, कारण ती तिथंच उभी होती आणि दिवाळीपर्यंत तिथंच उभी राहणार होती. मागे कॉफी उतू गेली. आतून कृष्णाबाईंनी पाण्यासाठी हाक मारली, पोर्चमधून काकांनी चष्म्यासाठी, आणि दोघांनाही एकच नाव आठवलं, ते काकीचं नव्हतं.