दोन गुडघ्यांचा भाव

आमच्या घराण्यात पैसा कोणी कमावला नाही, सगळ्यांनी राखला. आजोबा संस्थानाच्या खजिन्यात कारकून होते. जन्मभर दुसऱ्याच्या पैशावर पहारा करून ते रिकाम्या हाताने घरी आले, पण त्या पहाऱ्याचा अभिमान वाटणीत आम्हा सगळ्यांना सारखा मिळाला. बाबा एका मिलच्या ऑफिसात होते. त्यांनी इंदूरजवळ राऊला एक प्लॉट घेतला आणि तो राखला. मी राऊच्याच एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो, दरवर्षी फळ्यावर पैशाची कार्ये लिहून देतो, आणि मी क्रिप्टो राखली.

हा नाद मला स्टाफरूममध्ये लागला. एक सहकारी नवीनच पुण्याहून आला होता. डब्यातली मेथीची भाजी पोळीने पुसून घेत तो म्हणाला, "सर, रुपया रोज सडतोय. हे नाणं कधीच सडत नाही." पोरांना महागाई शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य आवडणारच. त्याच सुमारास माझी एक विम्याची पॉलिसी पूर्ण झाली होती. मी ते सगळे पैसे नाण्यात घातले. नाणं म्हणायचं, पण ते वाजत नाही, दिसत नाही आणि देवापुढे ठेवता येत नाही. त्याच्या किल्लीचे म्हणून बारा इंग्रजी शब्द असतात, ते कागदावर उतरवून जपायचे. मी तो कागद ठेवणीतल्या कपबशांच्या डब्यात सगळ्यात खालच्या बशीखाली ठेवला. त्या कपबशा आईच्या लग्नातल्या. चांगले पाहुणे आले की काढायच्या म्हणून ठेवलेल्या, आणि तेवढे चांगले पाहुणे आमच्याकडे पन्नास वर्षांत आले नाहीत. कागदासाठी याहून सुरक्षित जागा घरात नव्हती.

आम्ही छत्रीबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. पायऱ्या चौपन्न. खाली गल्लीच्या तोंडाशी एका बंद पडलेल्या दुकानाचा ओटला आहे, तिथे रोज सकाळी सातला बाबा आणि त्यांचे तीन मित्र बसत. एक पेपर, चार चहा आणि साऱ्या शहराची उणीदुणी. आई गेल्यावर बाबांना तेवढाच एक शौक उरला होता. मग त्यांचे गुडघे गेले.

सुरुवातीला मित्र वर येत. पण गुडघे काही बाबांनाच दिलेले नव्हते, त्यामुळे दोन महिन्यांत ते येणं थांबलं. मग बाबांनी एक युक्ती काढली. गॅलरीतून दोरीला बांधून थैली खाली सोडायची. मित्र तिच्यात पेपर, कधी पोह्यांचा पुडा टाकत, आणि गप्पा मग खालून वर ओरडून होत. त्यामुळे एका काकांचं पोट आज साफ झालं की नाही हे आख्ख्या गल्लीला कळू लागलं.

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, "दोन्ही बदलावे लागतील. एकदम केले तर उत्तम." मग आकडा सांगितला. बाबांच्या वयाला विमा कोणी देत नव्हतं आणि माझा निम्मा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जात होता. राहिलं नाणं. मी तिथेच फोन काढून पाहिलं. नाणं फुगून बरोबर दीड गुडघ्याचं झालं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात नाण्याचा भाव गुडघ्यात मोजला जाऊ लागला. बायको शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आज किती?" मी म्हणायचो, "एक आणि चाळीस पैसे." तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "अहो, एक तर करून घ्या. दुसऱ्याचं पुढे बघू." मी म्हटलं, "डॉक्टरांनी दोन्ही एकदम सांगितलेत." माझी हाव अशी डॉक्टरांच्या कोटाखाली लपवून मी निर्धास्त झालो.

तोवर बाबांना काठी तरी घेऊ म्हणून बायको आणि मी मल्हारगंजला गेलो. काठ्या, पट्टे, कमोडच्या खुर्च्या विकणारं एक दुकान आहे. बाप गेल्यावर मुलाने नवीन रंग दिलेलं. काचेवर त्याने कागद चिकटवला होता: यहाँ क्रिप्टो चलता है. मला भरून आलं. इतके महिने मी ज्या नाण्याची वकिली करत होतो, त्याने इंदूरात एक शेव-परमलची पुडीसुद्धा येत नव्हती. आणि इथे चक्क काठी येत होती.

"भिया, आजपर्यंत कोणी आलंच नाही," दुकानदार मराठीच निघाला. "तुम्ही पहिले. यातच द्या, मी फ्रेम करून ठेवतो."

मी फोन काढला. अंगठा स्क्रीनवर टेकणार, एवढ्यात आतून आमचे आजोबा जागे झाले. आज हा तुकडा एका काठीचा आहे, उद्या याच तुकड्यात चाकाची खुर्ची आली तर? परवा अख्खं दुकान आलं तर? मी अंगठा मागे घेतला आणि रुपयांचा क्यूआर मागितला.

"मग हे आहे कशासाठी, सर?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा खरोखर पडला होता.

मी त्याला उभ्या उभ्या पैशाची कार्ये समजावून सांगितली. मूल्यसंचय, भविष्यातल्या देण्यांचं साधन वगैरे. फक्त विनिमयाचं माध्यम हे पहिलं कार्य, जे मी वर्गात दोनदा अधोरेखित करतो, ते गाळलं. बायको काठी हातात घेऊन रस्त्याकडे बघत होती.

आणि मग एक दिवस नाणं दोन गुडघ्यांवर गेलं. बायकोने शाळेतून फोन केला, "आज विका." मी हिशेब करून दाखवला की सरकार नफ्यातले तीस टक्के घेणार, म्हणजे दोन गुडघ्यांसाठी नाणं अडीचवर जायला हवं. हिशेब चोख होता, माझे हिशेब चोखच असतात. चार दिवसांनी नाणं सव्वादोनवर गेलं. मी रात्रंदिवस फोन धरून बसलो. बाबा पलंगावरून म्हणाले, "अरे, काय पाहून राहिला एवढं?" मी म्हटलं, "तुमचेच गुडघे." ते म्हणाले, "माझे इकडे आहेत रे."

पुढच्या महिन्यात नाणं घसरलं. सव्वादोनवरून दीडवर, दीडवरून पाऊणवर आणि शेवटी घोट्यापर्यंत. सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, आता विकणं म्हणजे मूर्खपणा. होल्ड." चढतं तेव्हा विकायचं नाही कारण चढतंय, पडतं तेव्हा विकायचं नाही कारण पडलंय. हे तत्त्वज्ञान मला तेव्हा अतिशय खोल वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते. असं दीड वर्ष गेलं. नाणं हळूहळू वर येत होतं. बाबा संडासापर्यंत भिंत धरून जात, आणि त्यांच्या हाताच्या उंचीवर भिंतीचा रंग काळपट झाला होता.

मग त्या तीन मित्रांतले एक काका गेले, तेच पोट साफ न होणारे. चार घरं सोडून राहायचे. मी खाली गेलो, खांदा दिला. गल्लीतून निघताना वर पाहिलं, तर बाबा गॅलरीत उभे. नातेवाईक थोडे थांबले. बाबांनी वरूनच हात जोडले. गॅलरीच्या कठड्याला त्यांची ती दोरी अजून बांधलेली होती. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो. बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"तुझ्या आईला राऊच्या प्लॉटवर घर पाहिजे होतं. मोठं नाही, दोन खोल्या. मोगरा लावायचा म्हणायची. मी म्हटलं, थांब थोडी, भाव वाढून राहिलाय."

प्लॉट आईच्या आजारपणात विकला, एवढंच मला माहीत होतं. मोगऱ्याचं नव्हतं.

"मग वाढला ना. भरपूर वाढला," बाबा म्हणाले. "पूरा तिच्या दवाखान्याला लागला." मग जणू माझी समजूत घालावी तसं ते म्हणाले, "पण भाव बढिया आला होता, यार."

मी उठलो. त्याच संध्याकाळी सगळं नाणं विकलं. खोटं कशाला सांगू, तेव्हाही त्यातला एक बारीक तुकडा मागे ठेवावा असं मनात आलं होतं. बायको शेजारी उभी होती म्हणून ठेवला नाही. त्या दिवशी भाव सव्वा गुडघ्याचा होता. कर बाजूला काढल्यावर हातात एक गुडघा आणि त्याची औषधं उरली. डॉक्टर म्हणाले, चला, जास्त खराब आहे तो उजवा करू.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा वॉकरवर असतानाच नाणं पुन्हा उसळलं. जो सहकारी ते काका गेल्याचं ऐकून "अरेरे" म्हणून चहा प्यायला गेला होता, तो आता माझा हात हातात घेऊन बसला. "सर, फार लवकर विकलंत." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

तीन महिन्यांनी एका सकाळी बाबा म्हणाले, "चल, खाली जाऊ." व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी नियम घालून दिला होता: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. एका हातात ती मल्हारगंजची काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. पंचवीस पायऱ्या झाल्यावर ते मधल्या वळणावर थांबले. घामाघूम झाले होते. खालून दोघा मित्रांचा आवाज येत होता.

"आज कितीवर आहे ते तुझं नाणं?" त्यांनी विचारलं.

मी सकाळी उठल्या उठल्या पाहिलं होतं. "तीन गुडघे," मी म्हटलं.

बाबा खळखळून हसले. मग काठीच्या टोकाने आधी उजवा गुडघा ठोकला. "हा तू विकला तो." मग डावा, अगदी हळू. "आणि हा तू होल्ड केला तो."

अजून एकोणतीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर नियमाप्रमाणे आधी डावाच पाय खाली टेकायचा, आणि टेकला की बाबा माझा खांदा घट्ट धरायचे.