काकूनं फेकलेली चरबी

नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून मी मटणाची चरबी काढून टाकते. त्या रविवारी पहूरहून काकू आली होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ओट्याशी उभी राहून सुरीनं चरबीचे पांढरे पदर सोडवत होते, कचऱ्याच्या पिशवीत टाकत होते. काकू शेजारी उभी होती.

"माले ठेव ना थोडी," ती म्हणाली. "भाकरीसंगं खाईन."

तेवढ्यात शेजारच्या बाई डबा परत द्यायला आल्या. त्यांच्यासमोर मी पटकन बोलून गेले, "काकू, हे खेड्यातलं खाणं इथं नको. घरभर वास सुटतो."

बाई हसल्या. काकूही हसली. जेवताना तिनं दोनदा रस्सा मागून घेतला, चांगला झाला म्हणाली, आणि राहायला म्हणून आलेली काकू चारच्या एसटीनं परत गेली. मी तिला थांब म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी मी पहूरला गेले. काकूनं अंगणात चुलीवर मटण केलं होतं. ताटातले तुकडे बारीक, कडेनं कुरतडल्यासारखे दिसत होते. तिच्या घरात धारेची सुरी नाही. निसटणारं मांस बोटांत धरून तिनं विळीवर एकेक तुकडा चरबी काढून साफ केला होता, तेही मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"पाह्य बरं, राह्यली का कुठी?"

"नाही गं, छान निघालीये. तुला ठेवलीस ना?"

"फेकून देली सकाळीच. तू येनार म्हनून. वास नको राह्याले घरात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. माझ्या लहानपणी आमच्या भरल्या घरात चरबीचे तुकडे पुरुषांच्या ताटात जायचे. बायकांच्या पंगतीत काकूच्या वाट्याला एखादा आला, तर ती तो माझ्या भाकरीखाली सरकवायची. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. मी आणखी एक भाकरी मागितली.

हल्ली ती आली की मी तिच्यासाठी चरबी बाजूला ठेवते. ती घेत नाही. डॉक्टरनं नको सांगितलंय, म्हणते. कोणत्या डॉक्टरनं, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.