घोगरा आवाज

मनकर्णाबाईला मुलाची मिरगी त्याच्या आधी कळायची. लिलाधरच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासायला लागला, की ती हातातला मासा खाली ठेवायची. धावत नसे. त्याला कुशीवर वळवायची, गळ्याचं बटण काढायची, हिसके थांबेपर्यंत शेजारी बसून राहायची आणि मग हात धुऊन पुन्हा खवले काढायला लागायची. नवख्या माणसाला बाई दगडाची वाटे. पण लिलाधर आता पस्तिशीला आला होता आणि दुखणं शाळेपासूनचं. तिचं रडून झालं होतं, इतकंच.

सिहोऱ्याकडच्या तलावाकाठी ढिवरांचा मोहल्ला, त्यात तिचं घर. नवरा गोपीचंद काविळीनं गेला. तेव्हापासून ती, लिलाधर आणि सून रिता. इथले पुरुष डोंग्यात बसून जाळं टाकतात, दिवाळीच्या सुमारास बायकामाणसं सगळी पाण्यात उतरून शिंगाडे तोडतात. लिलाधरनं मात्र पाळेवर, तलावाच्या बांधावर बसायचं आणि दुसऱ्यांची फाटकी जाळी विणायची. डोंग्यात झटका आला तर काय होईल हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याची वीण मोहल्ल्यात सगळ्यांत बारीक. कोणी तसं म्हटलं की तो जाळं बाजूला फेकून द्यायचा.

"काय पाळेवरचे पाटील, आज पाण्याले सुट्टी का?" शेजारचा ताराचंद डोंगा ढकलता ढकलता विचारायचा. रोज तेच विचारायचा. लिलाधर रोज हसायचा.

त्याला एकच हवं होतं, पाण्यात जायचं. बरं व्हायचंय असं तो कधी म्हणालाच नाही.

उपाय सगळे झाले होते. मुठीत किल्ली दाबून झाली, नाकाला जोडा लावून झाला, देवाचे गंडे झाले, मनगटात लोखंडी कडं झालं. मग गोळ्या आल्या, एक, दोन, तीन जातीच्या. गोळ्यांनी झोप वाढली, मिरगी तेवढीच राहिली. शेवटी नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला भरती केलं आणि गोळ्या मुद्दाम बंद केल्या. डोक्याला तारा, समोर कॅमेरा, मनकर्णाबाईच्या हातात एक बटण. झटका आला की दाबायचं. दोन दिवस आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलाच्या मिरगीची वाट बघत बसली, आणि ती आली तेव्हा बटण दाबून मोकळी झाली.

झटका मेंदूत दोन ठिकाणांहून सुटत होता. कापून काढण्यासारखा नव्हता. तेव्हा डॉक्टर रक्षा म्हणाल्या, "एक मशीन आहे. छातीत बसवतो, मानेतल्या नसेला तार गुंडाळतो. दर थोड्या वेळानं ती मेंदूकडे बारीक करंट पाठवते. तशी मशीन जुनीच आहे. आमची नवी आहे, तिची अजून पेशंटवर तपासणी सुरू आहे, त्यात तुम्हाला घेता येईल. झटक्याच्या आधी छातीचे ठोके एकदम वाढतात, ते ओळखून ही स्वतःच जास्तीचा करंट सोडते. बऱ्याच लोकांचे झटके कमी होतात. सगळ्यांचे होत नाहीत."

"पाण्यात जाता येईन का?" लिलाधरनं विचारलं.

"वर्षभर एकही झटका आला नाही, तर बोलू."

उन्हाळ्यात मशीन बसली. सोबत एक लोहचुंबक मिळाला, काड्यापेटीएवढा. मिरगी येताना दिसली की तो छातीवरून एकदा फिरवायचा, म्हणजे मशीन ताबडतोब जास्तीचा करंट देते. हे मशीनवाल्या माणसानं दोनदा करून दाखवलं. चुंबक तिथंच धरून ठेवला तर मशीन बंद पडते, हे त्यानं एकदा सांगितलं, हिंदीत, भराभर, दारात उभं राहून. लिलाधर गुंगीत होता. मनकर्णाबाई पिशव्या भरत होती. तिनं मान हलवली.

घरी आल्यावर एक नवीनच प्रकार. मशीनचा करंट सुटला की लिलाधरचा आवाज घोगरा व्हायचा. बोलता बोलता शब्द फाटायचा, मग थोड्या वेळानं आपोआप नीट. मोहल्ल्यानं त्याचं नाव ठेवलं रेडिओ.

"रेडिओ, बातम्या लाव ना बे," ताराचंद म्हणायचा.

"तुयाच मरणाची लावतो," लिलाधर घोगऱ्या आवाजात म्हणायचा, आणि पाळेवर हसू व्हायचं.

झटके कमी झाले, थांबले नाहीत. आषाढात एकदा त्याचा अंगठा घासायला लागलेला मनकर्णाबाईनं पाहिला. चुंबक कंबरेला खोचलेला होता, तो काढून तिनं छातीवरून फिरवला. अंगठा थांबला. लिलाधरनं डोळे मिचकावले आणि म्हणाला, "माय, भात झाला का?"

तिनं पुढे जे केलं ते इतक्या वर्षांच्या किल्ल्या-कड्यांतून आलेलं होतं. एकदा फिरवून मिरगी थांबते, तर तो तिथंच राहिला तर येईलच कशी? तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्याची थैली शिवली, चुंबक आत घातला, जाळ्याच्या दोऱ्यानं तोंड बांधलं आणि लिलाधरच्या गळ्यात अडकवली. बरोबर मशीनवर येईल इतका दोरा ठेवला. हालू नये म्हणून थैली आतून बनियनला टाचून दिली.

"कायले वो हे?" त्यानं विचारलं.

"राहू दे. काढू नको."

त्यानं काढली नाही. त्याच दिवशी त्याचा आवाज सुधारला. फाटणं गेलं. हप्ता गेला, मग पुढचाही, मग महिने गेले, झटका आला नाही. मिरगी अशी मध्येच रुसून बसते, पूर्वीही बसायची. पण ते कोणाला आठवलं नाही. सगळ्यांना स्वच्छ आवाज ऐकू येत होता. मोहल्ला म्हणाला, मशीन अंगाला लागली. नागपूरची तारीख शिंगाड्यांनंतर होती. फोन करून विचारायला हवं होतं. कोणी केला नाही.

दिवाळीच्या तोंडावर शिंगाडे तयार झाले. लिलाधर सकाळी आईजवळ येऊन उभा राहिला.

"माय, जाऊ का?"

डॉक्टरनं वर्ष सांगितलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याच्या छातीवरची थैली चाचपून पाहिली. जागेवर होती.

"रितासंगं जा," ती म्हणाली. "खोलात नको जाऊ."

तो गेला. चपला पाळेवरच राहिल्या. डोंग्यात पुढे रिता, मागे तो. वेली बाजूला सारून तोडायला लागला. ताराचंद लांबून ओरडला, "अरे, पाटील उतरले!" मनकर्णाबाई पाळेवर बसून ओले शिंगाडे निवडत होती. तिनं मान वर केली तेव्हा लिलाधरचा हात हवेत होता आणि अंगठा घासत होता. एवढ्या लांबून अंगठा दिसत नाही. पण तिला कळलं.

डोंगा कलंडला. पाणी छातीभरच, पण शिंगाड्याच्या वेली पायात अडकतात. रितानं उडी मारून त्याचे केस धरले आणि तोंड पाण्यावर काढलं. ताराचंद पोहत आला. दोघांनी मिळून त्याला पाळेवर आणून टाकलं. मनकर्णाबाईनं त्याला कुशीवर वळवलं. गळ्याचं बटण काढलं. तोंडातून पाणी आलं, शेवाळ आलं. ती शेजारी बसून राहिली. शिंगाडे पाण्यात सांडत होते, ते कोणी गोळा केले नाहीत.

"चुंबक तं गळ्यातच होता, आत्या," रिता म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मंग आली कशी?"

मनकर्णाबाईनं थैली चाचपली; ती जागेवरच होती.

चौथ्या दिवशी तिघं नागपूरला गेली. डॉक्टर रक्षांनी मशीन तपासायला शर्ट वर करायला सांगितला. थैली दिसली. त्यांनी टाके कापले, दोरा सोडला आणि आतला चुंबक बघितला.

"हे कोणी बांधलं?"

"मी," मनकर्णाबाई म्हणाली.

"कधीपासून?"

"आषाढापासून."

डॉक्टरांनी चुंबक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. "लिलाधरभाऊ, बोलत राहा. काहीही बोला."

"काय बोलू? शिंगाडे यंदा चांगले आले होते. आमच्या तलावाले..." बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. चार महिन्यांनी पहिल्यांदा. त्याचा हात गळ्याशी गेला.

"आई, चुंबक वर ठेवला की मशीन बंद राहते," डॉक्टर म्हणाल्या. "इतके दिवस ती बंद होती. आमच्या माणसानं नीट समजावून सांगायला हवं होतं. आवाज असा झाला की समजा, चालू आहे."

मनकर्णाबाईनं मान हलवली. या वेळी ऐकून.

"आमाले तपासणीतून काढणार का आता?" रितानं विचारलं.

"मशीन राहील. तपासणीत त्यांचे आकडे धरता येणार नाहीत."

"आन पाणी?" लिलाधरनं विचारलं. आवाज अजून घोगराच होता.

"आजपासून पुन्हा एक वर्ष. झटका आला की पुन्हा पहिल्यापासून."

एसटीत तो खिडकीशी बसला. भंडारा मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुया दोष नाई, माय." ती बाहेर बघत राहिली. दोष कोणाचा याचा ती विचार करत नव्हती. कसलाच करत नव्हती.

लिलाधर पुन्हा पाळेवर बसून जाळी विणतो. चुंबक कंबरेला असतो. थैलीचा तुकडा तिनं भांडी पुसायला घेतला. ताराचंद आता त्याला 'पाटील' म्हणत नाही, 'रेडिओ' म्हणतो. मनकर्णाबाई अंगणात मासे साफ करते. पाळेवरून लिलाधर पाण्यातल्या रिताला हाक मारतो, "रिता, तिकडची बाजू आधी..." आणि मध्येच आवाज फाटतो. मनकर्णाबाईचा विळा तेवढ्यापुरता थांबतो. मग ती पुढचा मासा घेते.