पाटावरची पेन्सिल

गाढवपणा आधीच सांगून टाकते. खंडेनवमीच्या दिवशी मी माझी पेन्सिल आपण होऊन दुसऱ्यांच्या पाटावर नेऊन ठेवली. कुणी मागितली नव्हती. नवी साडी, केसात अबोलीचा गजरा आणि तोंडावर असं हसू, की जणू माझंच लग्न आहे.

शनिवार पेठेतलं ऑफिस. इमारतींचे नकाशे काढून देणाऱ्या एका गृहस्थांचं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मी तिथे ट्रेसर. म्हणजे इतरांनी कच्चं काढायचं, मी ते ट्रेसिंग पेपरवर पक्कं करायचं आणि अक्षरं टाकायची. अक्षर माझं छापल्यासारखं. खंडेनवमीला तिथे हत्यारांची पूजा असायची. आमची हत्यारं म्हणजे गुण्या, कंपास, मोजपट्ट्या, पेन्सिली. पाटावर लाल कापड घालून सगळं मांडायचं. झेंडूची फुलं. त्या वर्षी ऑफिसात पहिला कंप्युटर आला होता. त्याला सगळ्यात जाड हार.

पूजा सरांच्या पत्नी करायच्या. वहिनी. एकेका वस्तूला हळदकुंकू लावत त्या माझ्या पेन्सिलीपाशी आल्या आणि थांबल्या. दोन बोटांत धरून उचलली.

"ही कुणाची?"

"माझी, वहिनी."

"अय्या, तुमची?" छान हसल्या. "अहो पण बाई, तुमच्यात नसतं ना हे?"

"नसतं. पण म्हणजे... चालतं."

"छे छे. आमच्यामुळे उगाच तुमच्या भावना नको दुखावायला."

आणि पेन्सिल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. तिथे फरशी पुसायचं फडकं वाळत होतं. मग तांब्यातलं पाणी घेऊन बोटं धुतली. तोवर इतक्या जणांच्या वस्तूंना हात लागला होता. तेव्हा नव्हती धुतली.

आवाज चढला नाही. शिवी नाही. पुण्यात अपमानसुद्धा 'अहो' लावून करतात.

मी काय केलं? हसले. "हो की, माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाले. आणि पेढा खाल्ला. आग्रह झाला म्हणून दुसराही खाल्ला. गोड होता, मेला.

आता ती पेन्सिल. साधीसुधी नव्हती. खटका दाबला की शिसं पुढे येणारी, धातूची, जपानी. लहानपणी माझ्या पेन्सिलीला आई विळीवर टोक काढून द्यायची. आई निरक्षर. पण टोक असं काढायची की वर्गातल्या मुली माझ्याकडे बघायच्या. मग हसायच्या. कारण पेन्सिलीला कांद्याचा वास यायचा. टोक काढायला न लागणारी पेन्सिल ही माझ्या लेखी जादू होती. सरांकडे तशी एक होती. ते ती खिशाला लावून हिंडायचे. मला तशीच हवी होती. तशीच म्हणजे अगदी तशीच. इतकी मी येडी.

अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "घ्यायची आहे की नुसती बघायची आहे?"

"घ्यायची आहे. रोज लिहायला."

"रोज लिहायला? मग ही नको. ही खिशाला लावायची आहे." असं म्हणून त्यांनी सरांच्यासारखी होती ती बाजूला सारली. दुसरी पुढे केली. "ही धरा. वजन कुठे लागतंय?"

"टोकाकडे."

"हं. मग हात दुखत नाही. आता शिसं बाहेर काढून हलवून बघा. डुगडुगतंय?"

"नाही."

"डुगडुगलं की अक्षर बिघडतं. पकड खरखरीत आहे, घाम आला तरी बोट घसरायचं नाही. लिहून बघा काहीतरी."

पुढ्यात कागदाचा कपटा टाकला. मी आडनाव लिहायला घेतलं. पहिलं अक्षर झालं आणि माझ्या ध्यानात आलं, हे वाचतायत. पुण्यात आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मी ते खोडलं. आणि काय लिहावं? 'पुणे ३०'. ठळक, सुबक. राहायला येरवड्यात, पुणे सहा, आणि लिहिलं सदाशिव-शनिवारचं पुणे तीस! तो कपटा आज मिळाला तर मी माझ्याच कानाखाली वाजवीन. त्या बिचाऱ्यांनी नावगाव विचारलंही नव्हतं. पेन्सिल चांगली की वाईट एवढंच सांगत होते. लपायची सवय माझी मला लागलेली.

एवढा आटापिटा कशासाठी? त्या कंप्युटरसाठी. हाताने नकाशे काढायचे दिवस संपत आले होते. सगळ्या ऑफिसांतून ड्रॉइंग बोर्ड उठत होते, मशीन येत होती. ज्याला ते येईल तो टिकणार, नाही येणार तो घरी. सर म्हणाले होते, "दसरा झाला की दोघांना शिकायला बसवू." नोकरीने मी सगळ्यांत जुनी. पण त्या ऑफिसात मागाहून आलेल्या मुलीला सगळे मॅडम म्हणायचे आणि मला बाई. म्हटलं, आपण यांच्यातलं व्हावं. यांच्यासारखी पेन्सिल घ्यावी, यांच्या पाटावर ठेवावी. मग खुर्ची मिळेल. घरी आईला यातलं काही सांगितलं नाही. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा आईने घरातले देव टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन, स्वतः नदीत सोडले होते. तिला काय तोंड दाखवणार होते?

असो. पूजा झाली. सगळ्यांची हत्यारं हळदकुंकवात. त्या ऑफिसचा नियम असा की पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हत्यारांना विश्रांती. मंडळी डिश घेऊन गप्पा मारत बसली. तेवढ्यात फोन वाजला. खराडीकडे कुणीतरी शेतजमिनी घेतल्या होत्या, कंप्युटरवाल्यांसाठी मोठी इमारत उठणार होती. ते गिऱ्हाईक नकाशा बघायला संध्याकाळचं येणार होतं, ते आत्ताच निघालं म्हणे. नकाशा तयार. अक्षरं टाकायची राहिलेली.

सरांनी पाटाकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

"बाई, तुमची पेन्सिल पूजेत नाही ना?"

"नाही सर."

"वा, बरंच झालं की! बसा मग. तेवढी अक्षरं टाकून द्या पटकन."

बसले. हो, बसले! आणि लाज वाटायच्या ऐवजी मला आनंद झाला. म्हटलं, बघा, शेवटी माझ्यावाचून अडलं ना. ज्याच्यावाचून अडतं त्याला माणूस समजतात असं मला तेव्हा वाटायचं. पाठीमागे बाकीचे चिवडा खात होते आणि मी फडक्याशेजारची पेन्सिल उचलून, मान मोडून अक्षरं टाकत होते. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं! वाटत नाही."

काय वाटत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. तरी लिहीत राहिले.

सर खुशीत होते. म्हटलं, हीच वेळ.

"सर, ते कंप्युटर शिकायला दोघांना बसवणार आहात, त्यात माझं नाव..."

"तुमचं?" सर खरंच चकित झाले. राग नव्हता. तिरस्कारही नव्हता. खुर्चीने बसायला जागा मागितली तर माणूस जसा बघेल तसे बघत होते. "अहो, त्यात कशाला पडता? नावं तर ठरलीसुद्धा. तुमच्या हातात कला आहे. तुम्ही आपलं हातानंच करा."

मॅडम खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पूजेच्या आधीपासून. मी तो पाट, तो गजरा, ते हसू, सगळं फुकट केलं होतं.

'ग्राउंड फ्लोअर' लिहून झालं होतं. 'प्लॅन' राहिला होता. मी थांबले.

त्या पेन्सिलीची एक गोष्ट. खटका दाबून धरला आणि टोक बोटाने आत ढकललं की शिसं आत जातं. नाहीसं. पर्समध्ये टाकलं तरी तुटत नाही. मी खटका दाबला. शिसं आत घेतलं.

"काय झालं?" सर म्हणाले. "संपलं?"

"नाही."

"मग?"

"आज खंडेनवमी आहे, सर."

"अहो, पण तुमच्यात पूजा नसते ना?"

"आमच्यात पूजा नसते, सर. सुट्टी असते."

हे वाक्य मला कसं सुचलं ते आजही कळत नाही. जन्मभर उत्तरं घरी पोचल्यावर सुचणारी बाई मी. खोलीत कुणी चावेनासं झालं. मग वहिनी म्हणाल्या, अगदी दुखावल्या आवाजात, "अहो बाई, आत्ताच तर पेढा खाल्लात!"

मी पर्स उचलली. धीरगंभीर वगैरे काही दिसत नसणार. चपला घालताना एकदा आत पाहिलं. सर पाटापुढे वाकले होते. आपली पेन्सिल उचलली, रुमालाने कुंकू पुसलं, आणि बसले माझ्या जागेवर. 'प्लॅन' लिहायला.

म्हणजे देवाला चालत होतं. गिऱ्हाईक दारात आलं की सगळं चालतं. नियम मोडतो, हत्यार उठतं, कुंकू पुसलं जातं. फक्त माझी पेन्सिल त्यात असली की चालत नव्हतं. माझ्या वाटणीला काय, तर बाहेर राहायचं, आणि बाहेर आहोत म्हणून राबायचं. हे गणित मला त्या जिन्यात सुटलं. इतकी वर्षं मला वाटायचं आपलं काहीतरी कमी पडतंय. अक्षर, साडी, बोलणं. काही कमी नव्हतं. ते गणितच तसं मांडलेलं.

परत त्या ऑफिसात पाऊल टाकलं नाही. पुढे संध्याकाळच्या क्लासला जाऊन कंप्युटर शिकले, कॉलेजच्या पोरांमध्ये बसून. कौतुक नको. तिथेही पहिल्या दिवशी फॉर्मवरचं आडनाव वाचून शिकवणाऱ्याने विचारलं, "फीमध्ये सवलत आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही. तुम्हाला आहे का?"

ती पेन्सिल अजून आहे. पकड झिजून गुळगुळीत झाली, टोक डुगडुगायला लागलं. माझ्यासारखंच. नात खराडीत कंप्युटरच्या कंपनीत कामाला आहे. त्याच इमारतीत नाही हो, इतकी नक्षी आयुष्यात कुणी काढून देत नाही. ती म्हणाली, "आजी, मी तुला नवी ऑर्डर करते. हिला बघ, फोर पॉइंट सेव्हन स्टार्स आहेत."

"तारे बघून पेन्सिल घेतात होय गं? हातात धरल्याशिवाय मी नाही घ्यायची."

तिला घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने तीनचार काढल्या. वजन पाहिलं, शिसं हलवून पाहिलं. टोक आत जातं ना, तेही पाहिलं. ते मी आधी बघते. कपटा पुढे आला. मी पूर्ण नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. खाली 'येरवडा, पुणे ६'. ठळक. नात म्हणाली, "आजी, किती मोठं लिहितेस! एक रेघ ओढली तरी कळतं ना."

"मला नाही कळत."

येताना रिक्षात ती हळूच म्हणाली, "आजी, आमच्याकडे पण दसऱ्याला लॅपटॉपची पूजा आहे. सगळे एथनिक घालून येणार, सगळ्यांचे लॅपटॉप एका टेबलवर ठेवणार. मी पण ठेवू का? कुणी काही बोलत नाही गं. पण नाही ठेवला तर ऑड वाटतं. आणि आता ऑनसाइटला, परदेशी कुणाला पाठवायचं, ती नावं ठरतायत."

मी तिच्याकडे पाहिलं. अबोलीचा गजरा तेवढा नव्हता.

तिच्यावर ओरडले नाही. मला कोण ओरडलं होतं? त्या खंडेनवमीला घरी पोचले तर आई भाजी चिरत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पाटासकट, पेढ्यासकट. वाटलं, जवळ घेईल. तिने विळी आडवी केली, माझ्या हातातली पेन्सिल बघितली, आणि गावाकडच्या बोलीत, शांतपणे बोलली. रिक्षात मी नातीला तेच सांगितलं, एक अक्षर न बदलता:

"त्यांनी उचलून टाकली ह्याचा मला राग न्हाई. त्यांचा पाट हाय, त्ये टाकणारच. तू ठिवलीस ह्याचा राग हाय. आता हातात घेतलीस न्हवं? मग पुन्यांदा खाली ठिवू नगंस."